खिडकीतून वाचायच्या ओळी

नळदुर्गच्या हायवेवर ट्रक रंगवणारे छप्पन्न मिळतील, पण ट्रकच्या मागं प्रेमाची ओळ लिहावी तर ती गुरुसिद्धप्पानंच. त्याची लेक हर्षाली तुळजापुरात शिक्षिका. सासरही सगळं शिक्षकांचं. लग्न ठरताना तिनं दडपून सांगून टाकलं, वडील कारकून आहेत. बापाच्या रंगानं बरबटलेल्या हातांची लाज वाटली, दुसरं काय!

आणि मांडवात तर तिनं कहरच केला. सासऱ्यांनी वाटेत एका ट्रकवर वाचलेली ओळ कौतुकानं म्हणून दाखवली. खाली 'गुरुसिद्धप्पा, नळदुर्ग' असं होतं, तुमचेच वडील का, म्हणून विचारलं. ही म्हणाली, छे, ते दुसरे कुणीतरी. बाप तिथंच अक्षता वाटत उभा होता. त्या दिवसापासनं त्यानं ओळीखाली नाव टाकायचं सोडलं.

यंदा सोलापूरच्या एका प्राध्यापकांनी ट्रकांवरच्या ओळी जमवून पुस्तक करायला घेतलं आणि छपाईआधी तपासायला पानं नेमकी हर्षालीकडं धाडली. त्यात तिच्या बापाच्याही ओळी, पण कवीच्या जागी 'अज्ञात'. प्रस्तावनेत लिहिलेलं, कवीनं शब्दांचा हा संयम मोठ्या साधनेनं कमावला आहे.

कसला संयम आन् कसली साधना! हर्षालीची आई, कस्तुराबाई, मणक्याच्या टीबीनं आठ महिने सोलापूरच्या दवाखान्यात पडून होती. खाटेशेजारची खिडकी हायवेवर उघडायची. काम टाकून रोज जाणं बापाला जमायचं नाही, म्हणून तो तिकडं निघालेल्या ट्रकवर तिच्यासाठी लिहायचा. ती अक्षर अक्षर जुळवून वाचणारी. दवाखान्यापुढच्या गतिरोधकावर ट्रक हळू होई, तेवढ्यात वाचून व्हायला पाहिजे. म्हणून शब्द चारच आणि अक्षरं वीतभर. 'जेव पोटभर. मी येतोय.' 'तुझी जाई फुलली, कस्तुरे.' पुढं आई गेली, पण बापाची ओळ काही लांबली नाही.

हे सगळं ठाऊक असलेली एकच लेक, आणि तिनंच बापाला अज्ञात केलं. दुपारच्या एसटीनं ती नळदुर्गला आली. बाप एका ट्रकच्या मागच्या फाळक्यावर ओळ संपवत होता. तिनं पानं पुढं केली, नाव छापू द्या म्हणाली. त्यानं हात पुसून पानं चाळली, लई बेस छापलंय म्हणाला. मग सावकाश बोलला,

"तुझ्या घरी मी कारकून हाय नव्हं? मग कारकुनाला ह्या ओळी कशाला चिकटवतीस? ऱ्हाऊ दे तसंच."

रागावला असता तर परवडलं असतं. हर्षालीला मान वर करवेना. तिनं तिथंच सासऱ्यांना फोन लावला.

"मांडवात तुम्ही विचारलं होतं ना, ते माझेच वडील. मी खोटं बोलले."

तिनं फोन ठेवला, बापाच्या डब्यातला कुंचला उचलला आणि ओळीखाली कोपऱ्यात त्याचं नाव लिहायला लागली. अक्षरं बारीक आणि वाकडी येत होती.

गुरुसिद्धप्पा मागं येऊन उभा राहिला.

"एवढं बारीक नगं काढूस, बाई," तो म्हणाला. "तिला खिडकीतनं दिसाय पायजे."