देवापुढे बसलेलं अग्निशामक

माझ्याकडे वडिलांची गाडी आहे. गोल दिव्यांची, फिक्या पिस्ता रंगाची, माझ्याहून चार वर्षांनी मोठी आणि माझ्याइतकीच हट्टी. विक्रोळीच्या आमच्या सोसायटीत तिला सगळे ‘म्हातारी’ म्हणतात. मी म्हणत नाही. ती ऐकते.

तिचं सगळं मी मूळचं ठेवलं होतं, अगदी पेट्रोलची रबरी नळीसुद्धा. मेकॅनिकने ती एकदा वाकवून तिच्यावरच्या भेगा दाखवल्या. म्हणाला, “साहेब, ही बदला. नायतर एक दिवस गाडीपण भाजेल आणि तुम्हीपण.” मी नळी बदलली नाही. अग्निशामक विकत आणलं. लालभडक, देखणं. सीटखाली बसवलं आणि पथ्य न पाळता औषध आणून ठेवणाऱ्या माणसासारखा निर्धास्त झालो.

दसऱ्याला आमच्या घरी हत्यारांची पूजा असते. वडील गिरणीत होते, तेव्हापासूनची. एकदा हळदकुंकू लागलं की दुसऱ्या दिवसापर्यंत कशालाही हात लावायचा नाही. त्या वर्षी मला भलताच उत्साह. गाडीचं जे जे सुटं निघेल ते मी देवापुढे मांडलं. पाने, जॅक, काच खाली करायचं हँडल. चार हँडलांपैकी तीन कधीच तुटली होती. उरलेलं एक मी लागेल त्या दाराला लावत असे. आणि हो, अग्निशामक. त्याला झेंडूची माळ घातली. तिसऱ्या मजल्यावर पाटावर ते नवरदेवासारखं बसलं.

मग खाली गाडीची पूजा. आरतीनंतर चाकांखालची लिंबं चिरडायची, म्हणून मी आधीच आत बसून इंजिन तापवत होतो. डाव्या अंगाला भिंत. तेवढ्यात शेजारच्या मालवणी काकांनी आपली गाडी उजव्या अंगाला अगदी खेटून आणून लावली.

“एकाच आरतीत दोनय गाडये होतले!” असं म्हणून त्यांनी चावी वर आपल्या घरच्या देवापुढे ठेवली आणि टाळ्या वाजवायला हजर झाले. माझं दार आता दोन बोटं उघडत होतं.

आणि मला वास आला.

इंजिन बंद केलं. पुढून टप, टप. बॉनेटखाली नळी फुटली होती आणि पेट्रोल तापलेल्या इंजिनावर गळत होतं. समोर माझी बायको हातात ताट घेऊन उभी. ताटात कापराची ही एवढी ज्योत. प्रत्येक ओवाळणीला ताट बॉनेटच्या जाळीजवळ यायचं.

मी ओरडलो. सोसायटीच्या नवरात्राच्या मंडपातला भोंगा माझ्यापेक्षा जोरात ओरडत होता. हात हलवले, तर काकांनीही हात हलवले. हात जोडले, तर बायकोने भक्तिभावाने डोळे मिटले. हॉर्न दाबायला गेलो आणि थबकलो. एक ठिणगी उडाली तर? काच उतरेना, हँडल देवापुढे. अग्निशामकही देवापुढे. स्वतःच्या हाताने कुंकू लावलेलं!

वाफांनी डोळे चुरचुरायला लागले. ज्योत पुन्हा खाली येत होती. मग मी एक पाप केलं. चप्पल घातलेला पाय उचलला आणि डॅशबोर्डवरच्या गणपतीच्या शेजारी ठेवला.

आरती थांबली! बायकोने ताट काकांच्या हातात कोंबलं आणि ती काकांच्या बॉनेटवरून वाकून दाराच्या फटीशी कडाडली. “अहो, लाज वाटते का? देवाला पाय?”

“पेट्रोल गळतंय!”

तिने नाक फुगवून वास घेतला. वळली, काकांना चार पावलं मागे ढकललं आणि पूजेचा तांब्या पाण्यासकट कापरावर पालथा घातला. ज्योत गेली. काकांचा नवा शर्टही.

“काका, गाडी काढा!”

“चावी देवाफुडे हा गो. बायलेक इचारूक व्हया.”

पुढचं ऐकायला ती थांबलीच नाही. तीन मजले चढून गेली आणि एका काखेत माळेसकट अग्निशामक, मुठीत हँडल अशी उतरली. हँडल फटीतून आत सरकवलं. मी काच उतरवली आणि पोट खिडकीच्या कडेला, पाठ कुठल्या ग्रहाला अशा अवस्थेत काकांच्या बॉनेटवर बाहेर पडलो. ती जाळीकडे नळकांडं रोखून उभीच होती, टपटप थांबेपर्यंत.

नळी दुसऱ्याच दिवशी बदलली. अग्निशामक आता सीटखालीच असतं. दसऱ्याला कुंकू तिथेच जाऊन लागतं, आणि आरती घरात. नळीबद्दल बायकोने मला केव्हाच माफ केलंय. पायाबद्दल अजून नाही. दर दसऱ्याला ती मला गाडीत बसवते, डॅशबोर्डवरच्या गणपतीपुढे कान धरायला लावते आणि काच पूर्ण उतरलीय ना, हे आधी स्वतः बघते.