भरतीची तिथी सांगणारी काशी

आमची काशी चौथी शिकली. पण मिठागरावर जन्मलेली. उधाणाचं पाणी आत घ्यायला बांध कुठल्या तिथीला फोडायचा, हे तिचा बाप तिलाच विचारी. लग्नाच्या वर्षी तिचं न ऐकता मी खाडीत उतरलो आणि चपला चिखलात ठेवून घरी आलो. असो, ती गोष्ट वेगळी.

आमची नात उन्नती अंदमानात समुद्राच्या गवतात राहणारे मासे मोजते. सुट्टीला हेंद्रेपाड्याला आली ती तोंड पाडूनच. ऑक्टोबर ते एप्रिल, दर एक तारखेला सकाळी दहा वाजता तिनं मोजणी केली होती. गवत वाढत होतं, मासे मात्र घटत होते. तिच्या गाईड मॅडमनी विचारलं, असं कसं? उत्तर सापडलं नाही तर वर्षाची मेहनत पाण्यात.

"एक तारीख मासल्यांना काय ठावं गो?" काशी म्हणाली. "तिथी सांग."

काशी जुन्या कॅलेंडरची पानं फळीवर डब्यांखाली अंथरते. तिनं डबे उतरवले. ऑक्टोबर तूरडाळीखाली सापडला, एप्रिल मसाल्याखाली.

"आजी, मोबाइलवर मिळेल ना."

"तू तुजा मोबाइल बघ, मी माजा बघतंय. तिकडं पुनवेला भरती किती वाजता?"

"दहाच्या सुमारास."

"आपल्याकडं बाराला." काशीनं पानावर बोट ठेवलं. "भरती रोज पाऊन तास उशिरा येते. ऑक्टोबरात एक तारखेला दुज. दहाला पानी भरलेलं. दर म्हैन्याला तिथी पुढं गेली, एप्रिलात सप्तमी. दहाला वोहट. अगो, मासली कमी नाय झाली, पानी कमी झालं. पानी उतरलं की मोठी मासली खोल जाते."

उन्नती म्हणाली, "मी वेळ एकदाही चुकवली नाही, आजी."

"तीच चुकली."

मॅडमनी आणखी एक हंगाम दिला. मोजणीचे दिवस काशीनं काढून दिले, सगळे भरल्या पाण्याचे. हंगाम संपल्यावर फोन आला. मासे घटलेले नव्हतेच. खाजणातल्या खारफुटीजवळच्या गवतात डिसेंबरपर्यंत पिल्लंच पिल्लं, मार्चनंतर तीच मोठी होऊन प्रवाळाजवळच्या गवतात.

"मॅडम म्हणाल्या, आता प्रबंध पुढे लिहा," उन्नतीनं सांगितलं.

"लिही," काशी म्हणाली. "आनि पिल्लं गेली म्हनून रडू नको. तूपन गेलीसच ना अंदमानाला."