आत्याचा पहिला समुद्र

मंडळी, आत्ताच उरणहून पनवेलला परतलेय आणि सायबर कॅफेतून घाईघाईने लिहितेय!

सुट्टीत लातूरहून माझी आत्या आलीय. वय सत्तर, समुद्र कधीच पाहिलेला नाही. आज तिला उरणला नेलं, तर ओहोटी! नजर जाईल तिथवर चिखल.

"हाच का गं समुद्र?" तिचा चेहरा उतरला.

सुकी मासळी विकणारी बाई म्हणाली, "बसा तुमी. पानी येल आता."

आम्ही परतीची एसटी सोडून दिली.

दोन-तीन तासांत पाणी पायांशी आलं. आत्या माझा हात सोडून गुडघाभर लाटांत शिरली आणि खदखदून हसली. आतोबा गेल्यापासून तिला असं हसताना मी पाहिलंच नव्हतं.

उद्या निघणार होती, आता म्हणते, "चार दिवस राहते."

पुढचा किनारा कुठला दाखवू? पटापट सुचवा!