दोन भाग वर, एक भाग खाली

असे प्रसंग घरात निर्माल्यासारखे साठत जातात. टाकवत नाहीत आणि ठेवायला जागाही नसते. तशी मी भांडखोर नव्हे. सोमवार, चतुर्थी, एकादशी धरून महिन्यातले कितीतरी दिवस माझे उपासाचे, आणि उपासाच्या दिवशी रागावलं की व्रताचं फळ जातं, असं आई सांगायची. तर या सहामाहीत माझी किती फळं गेली ते ऐकाच.

निमित्त आमची लेक ऋतुजा. खालापूरच्या बाजूला एका कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला आहे, दुसऱ्या वर्षाला. तिला प्रॅक्टिकलला टायमर चिप आली. आठ पायांचा, किड्याएवढा काळा तुकडा. तो वीज चालू-बंद करत राहतो आणि पडद्यावर त्याची चौकोनी लहर उमटते. वर, खाली, वर, खाली.

* * *

ती लहर बघायचं यंत्र कॉलेजात आहे. दर खंडेनवमीला त्याला हळदकुंकू, झेंडूची माळ, पुढ्यात नारळ. एरवी वर्षभर अंगावर कापड. चालू मात्र करायचं नाही, बिघडेल म्हणून! सरांनी मुलींना सांगितलं, घरी लॅपटॉपवर सिम्युलेशन करा. म्हणजे सर्किट पडद्यावरच जोडायचं आणि लहरही तिथेच बघायची.

पूजा मीही करते हो. पण पाट्याची पूजा झाली की दुसऱ्या दिवशी त्यावर वाटणही वाटते.

सासूबाई ओटीवर तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "यंत्र पुजायचं हाय का चालवायचं हाय, त्या मास्तरला कोणी सांगितलंच नाय वाटतं."

* * *

मग ऋतुजा आणि तिची मैत्रीण सना आमच्या पुढच्या खोलीत ठाण मांडून बसल्या. सनाच्या अब्बांचं कर्जतच्या बाजारात रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळे तिला या तारांची भीती नाही. सर्किट बरोबर जोडलं, चारदा तपासलं, तरी रेघ आपली सपाट. सरांना फोन केला तर म्हणाले, लॅपटॉप बदला. जसं काही ते पायपुसणंच!

दोन दिवस पोरींनी डोकं फोडलं तेव्हा कळलं. कॉम्प्युटर समजून चालला होता की हे सर्किट आधीपासूनच सुरू आहे. कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारी डबी, सुरुवातीला रिकामी आहे असं त्याला सांगायचं राहिलं होतं. तेवढं सांगितलं आणि लहर धावायला लागली.

"काकी, त्याला उपाशीपोटी बसवायचं होतं," सना म्हणाली. "तुमच्यासारखं."

तो सोमवार होता. तेवढं एक फळ वाचलं.

* * *

या कॉलेजात जर्नल वारशाने येतं. वरच्या वर्गाचं घ्यायचं आणि उतरवायचं. कधीतरी कुणाची तरी फूटपट्टी सरकली असणार, म्हणून तिसऱ्या लहरीच्या डोक्यावर एक बारीक खाच पडली. तेव्हापासून प्रत्येक जर्नलात तिसऱ्या लहरीला खाच आहे. मुलं ती पेन्सिलला टोक करून, जपून काढतात. आणि सर त्यावर बरोबरची खूण करतात!

* * *

ऋतुजाने उतरवलं नाही. पडद्यावर दिसलं तसं काढलं. लहर दोन भाग वर, एक भाग खाली. सरांनी त्यावर लाल फुली मारली. म्हणाले, चौकोनी लहर म्हणजे वरचा आणि खालचा भाग सारखा, सगळ्यांचा तसाच आहे, पुन्हा काढून आण, तोवर सही नाही. आणि जर्नलवर सही नसेल तर परीक्षेला बसता येत नाही.

मी तिला विचारलं, बाई, तुझंच चुकलं नसेल ना. तिने मला पोळ्या लाटता लाटता समजावलं. "आई, डबी भरते ती दोन रेझिस्टरमधून, म्हणजे वीज अडवणाऱ्या तुकड्यांमधून. रिकामी होते ती एकातूनच. दोन्ही रेझिस्टर सारखे आहेत. मग भरायला दुप्पट वेळ लागणारच ना गं?"

मी दहावी शिकलेली. मला कळलं.

सनाने मुकाट्याने सारखे भाग काढून सही घेतली होती. आमच्याकडे येऊन मान खाली घालून बसली. आमचे हे कुंभिवलीला कंपनीत आहेत, तिथून दमून आलेले. म्हणाले, एक रेघ आखूड कर नि मोकळी हो. ऋतुजाने रेघ आखूड केली नाही. जेवलीही नाही. व्रतं मी करते, पण हट्टाने उपास करणारी ती पहिलीच.

* * *

सबमिशनच्या शेवटच्या दिवशी मीच तिच्याबरोबर गेले. सनाच्या अब्बांनी एक खरी चिप दिली होती. कपॅसिटर मोठा घातला की दिवा डोळ्यांना दिसेल इतका सावकाश उघडझाप करतो म्हणे. ऋतुजाने सरांच्या टेबलावर सगळं जोडलं. दिवा लागला. मला जपाची सवय. पेटलेला असताना दोनदा नाम झालं, विझल्यावर एकदा. मी सरांना म्हटलं, तुम्हीही मोजा.

सरांनी मोजलं. "ताई, ही बाजारातली चिप आहे. खराब असणार."

त्यांनी कॉलेजचं चिपांचं कोरं खोकं फोडलं. पहिली चिप लावली. पेटताना दोन, विझताना एक. दुसरी लावली. तसंच. खोक्यात बारा होत्या. बाराही लावल्या. खोलीतल्या मुली आता मोठ्याने मोजत होत्या, दोन, एक, दोन, एक.

सरांनी घाम पुसला. खोक्यावर कागद चिकटवून लाल शाईने लिहिलं, 'सर्व खराब'. मग ऋतुजाचं जर्नल ओढलं, फुलीशेजारी सही केली आणि सहीखाली शेरा लिहिला:

'चिप सदोष असल्यामुळे उत्तर बरोबर आले आहे.'