अमेरिकन आवाज

बायकोला ब्रॅकनेलमध्ये सॉफ्टवेअरची नोकरी लागली आणि तिच्या व्हिसावर मी इंग्लंडात आलो. पुण्यात साउंड रेकॉर्डिंगचं काम केलेलं होतं, त्यामुळे स्लाऊला स्वस्तातले सिनेमे काढणाऱ्या एका टोळक्यात माझी वर्णी लागली. ट्रेडिंग इस्टेटमधलं, म्हणजे तिथल्या एमआयडीसीतलं, एक रिकामं वेअरहाउस हाच आमचा स्टुडिओ. हे सिनेमे थिएटरात लागायचे नाहीत. थेट डीव्हीडीवर यायचे आणि पेट्रोल पंपावर च्युइंगगमशेजारी विकले जायचे.

आमच्याकडे एक खराखुरा अमेरिकन नट होता. तरुणपणी कुठल्याशा नाटकासाठी लंडनला आला, इथेच लग्न केलं, ते मोडलं, तरी परत गेला नाही. आता पन्नाशी उलटलेली, गुडघे गेलेले. फुटकळ ब्रिटिश सिनेमांना जनरल, शेरीफ किंवा अमेरिकन हेर लागला की याला बोलवायचे. अभिनय शून्य. पण वासरांत लंगडी गाय शहाणी. अमेरिकन असणं हीच त्याची कला, आणि तो तोरा काय वर्णावा. माझ्या इंग्रजीची नक्कल करणं हा त्याचा आवडता विरंगुळा होता. एकदा जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर म्हणाला, की तू कानाने पोट भरतोस ते बरं आहे, तोंडाने भरायची वेळ आली असती तर उपाशी मेला असतास. सगळे हसले. मला त्याचा मनापासून राग यायचा.

तेव्हा इराकचं युद्ध चालू होतं, म्हणून आम्हीही एक युद्धपट काढला. बांधकामाची वाळू पसरून वाळवंट केलं. हा त्यात अमेरिकन मेजर, आणि सिनेमाभर आपल्या हाताखालच्या माणसाला 'लेफ्टनंट, लेफ्टनंट' अशा हाका मारत धावतो. आता अमेरिकन माणूस 'लूटेनंट' म्हणतो. 'लेफ्टनंट' म्हणतो तो इंग्रज. पण हे सेटवर कुणाच्या लक्षात येणार? डायरेक्टर इंग्रज, बाकीचे इंग्रज, आणि मी तर मराठी शाळेपासून लेफ्टनंटच म्हणत आलेलो. हेडफोनमधून शब्द स्वच्छ येत होता, मी खूश होतो. सेटवर अमेरिकन एकटा तोच, आणि त्यालाही ते खटकलं नाही.

सिनेमा अमेरिकेत विकायचा होता. तिकडच्या गिऱ्हाइकाने तो पाहून कळवलं, की बाकी ठीक आहे, पण मेजरच्या कामाला एखादा खरा अमेरिकन घ्या. डायरेक्टरने हे जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर सांगितलं. नट आधी हसला. मग बाकीचेही हसायला लागले आणि कुणीच थांबेना, तेव्हा त्याने हातातलं सँडविच खाली ठेवलं.

त्याला एक संधी दिली गेली. रेकॉर्डिंग रूममध्ये येऊन सगळे संवाद पुन्हा बोलायचे. हा आवाज गेला तर या देशात आपल्याला कुणी विचारणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. दुखऱ्या गुडघ्यांचे म्हातारे इथे पैशाला पासरी मिळतात. टाय बांधून आला. 'लूटेनंट' म्हणाला, अगदी बरोबर म्हणाला. पण आता तो अमेरिकनाची नक्कल करणारा इंग्रज वाटायला लागला. जितका जोर लावी तितका इंग्रज होई. शेवटी काचेपलीकडून त्याने मला विचारलं, "तूच सांग, जमतंय का?"

"मला काय विचारतोस?" मी म्हणालो. "मी तोंडाचा माणूस नाही."

मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. त्याने शांतपणे हेडफोन काढून ठेवले आणि तो निघून गेला.

मग नाट्यशाळेतून नुकताच बाहेर पडलेला एक तरुण आणला. लंडनच्या स्टॅनमोरला जन्मलेला, आईवडील मुंबईचे मराठी डॉक्टर, अमेरिका फक्त टीव्हीवर पाहिलेली. त्याने एका सकाळीत मेजरचे सगळे संवाद आपल्या आवाजात उरकले. गिऱ्हाईक एकदम खूश. घरी सांगितलं तर बायको हसत सुटली. "म्हणजे फायनली रियल अमेरिकन कोण, तर आपल्या मराठी डॉक्टरांचा मुलगा?"

पुढच्या सिनेमाची जुळवाजुळव सुरू झाली, तेव्हा नट पुन्हा आला. मला वाटलं, आता आवाजासाठी भांडेल. पण तो भलत्याच गोष्टीवर आला. ओहायोत त्याची आई होती, डोळे गेलेली. त्याने तिला त्या युद्धपटाची डीव्हीडी पाठवली होती. शेजारणीने लावून दिली आणि म्हातारीने नुसती ऐकली. आवाज दुसऱ्याचा आहे, हे सांगायचा त्याला धीर झाला नव्हता.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हणाली, हल्ली फोनवर कुणीतरी इंग्रज बोलतो. सिनेमात मात्र माझा मुलगा ऐकू आला."

डायरेक्टरला हे मी सांगितलं नाही. त्याने नटाला आपल्या कामापुरतं विचारलं, की या खेपेला तुझा आवाज एकदा तपासून बघायचा का. नटाने नकारार्थी मान हलवली.

"त्या पोरालाच बोलवा," तो म्हणाला. "आई ऐकणार आहे."