दारातली जागा

लष्करातून निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्याला जीपमध्ये बसवून पलटणीतली माणसं ती जीप दोरांनी फाटकापर्यंत ओढत नेतात. इंजिन बंद असतं. ह्यांच्या वेळी मीही शेजारी बसले होते. गळ्यात झेंडूचे हार होते आणि दोर ओढणारे दोघं-तिघं जवान चक्क रडत होते. फाटकाबाहेर दोर सुटले, ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं, आणि मला एकदम धक्का बसला. आता आम्हाला घरच नव्हतं! छावणी हेच घर होतं, आणि उद्यापासून त्याच फाटकावर आम्हाला पास लागणार होता.

धुळ्याच्या मंडळींनो, तुम्ही म्हणालात, इकडेच या. पण धुळ्यात निवृत्त मेजरनं करायचं काय? म्हणून अर्ध्या खानदेशासारखे आम्हीही सुरतेला गेलो. नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. तिथल्या पांडेसरा भागात एका शेठची कापड रंगवायची मिल होती, तिथे हे मॅनेजर झाले.

सुरतेनं आम्हाला धक्क्यांवर धक्के दिले. मोठमोठे सौदे नुसती मान हलवून व्हायचे, आणि सही-शिक्क्याशिवाय पान न हलवणारे आमचे हे घरी येऊन डोकं धरून बसायचे. शेठ गादीवर मांडी घालून, आणि हे त्यांच्यासमोर बूट काढून, पण पाठ ताठ! शेजारीण मला विचारायची, "मेजर एटले शुं? मॅनेजरथी मोटा?" मी म्हणायचे, हो बाई, होते.

तरी मी रमत होते. मुलगी बारावीत होती. लग्नानंतर पहिल्यांदाच मी आमच्या काळ्या ट्रंका रिकाम्या करून माळ्यावर टाकल्या होत्या.

आणि एक दिवस हे कामावरून आले ते लालबुंद होऊन. त्याच संध्याकाळी शेठच्या मुलीचं लग्न होतं, आणि शेठ म्हणाले होते, "मेजरसाहेब, मेडल पहेरीने दरवाजे ऊभा रहेजो."

पदकं लावून दारात उभं राहायचं! माझे सासरे कचेरीत शिपाई होते. साहेबाच्या दाराशी उभं राहण्यात त्यांचा जन्म गेला. ह्यांना फौजेत पाठवताना त्यांनी एकच सांगितलं होतं, "दुसराना दारमा उभा ऱ्हाऊ नको, भाऊ."

"ट्रंका काढ," हे म्हणाले. "सोमवारी राजीनामा."

मुलीचं वर्ष, हे घर, सगळं पुन्हा ट्रंकेत. पण ह्यांच्यापुढे बोलायची सोय नव्हती. मी एवढंच म्हटलं, "राजीनामा सोमवारी द्या. लग्न आज आहे. नवरीला आशीर्वाद देऊन येऊ." हे साध्या सफारीत निघाले. निघताना मी पदकं पर्समध्ये टाकली. का, ते आजही सांगता येणार नाही.

रिक्षातून उतरलो आणि दोघंही जागच्या जागी थिजलो. मांडवाच्या दारात खुद्द शेठ उभे होते. डोक्यावर गुलाबी फेटा, पाय अनवाणी. कापडबाजारातले बडे व्यापारी येत होते, तसे मिलमधले आपले खानदेशी कामगारही बायकापोरांसह येत होते. शेठ प्रत्येकापुढे तितकेच वाकत होते. त्यांच्या उजव्या हाताला एका माणसाची जागा मोकळी होती. तिथल्या खुर्चीवर दुसरा गुलाबी फेटा ठेवला होता.

शेठनी ह्यांना पाहिलं. रागावले नाहीत. फेटा उचलून पुढे धरला आणि म्हणाले, "मोटाभाई गया पछी आ जगा खाली छे, साहेब." शेठचे थोरले भाऊ गेल्यापासून ती जागा रिकामी होती.

आम्ही पहारेकरी समजलो होतो, आणि त्यांनी घरातल्या वडीलधाऱ्याची जागा देऊ केली होती! मी पर्स उघडली. पदकं ह्यांच्या सफारीवर लावली. ह्यांनी बूट काढले, फेटा घातला आणि शेवटचा पाहुणा येईपर्यंत ते दारातून हलले नाहीत.

सोमवारी हे कामावर गेले. ट्रंका माळ्यावरच राहिल्या. पुढे मिल सोडून ह्यांनी कॉलेजात व्यवस्थापन शिकवलं, आता पलटणीवर पुस्तकं लिहितात. पण ही गोष्ट काही लिहीत नाहीत. म्हणून मी लिहिली.

आमच्या मुलीचं लग्न सुरतेतच झालं. तुम्ही सगळे धुळ्याहून बस करून आलात, आठवतं? दारात ह्यांच्या शेजारी एक म्हातारे गुजराती गृहस्थ अनवाणी उभे होते. जाऊबाई, तुम्ही मला कानात विचारलंत, "हे कोण गं?" गडबडीत मी उत्तर दिलं नव्हतं. मामंजींचं वाक्य आम्ही मोडलं नाही, जाऊबाई. ते दार दुसऱ्याचं नव्हतं.