काशीबाईंनी घेतलेलं नाव

आटगावहून नुकतीच घरी आलेय. कुणाशी तरी बोलावंसं वाटतंय, म्हणून तुमच्याशी बोलते.

मी शहापूरच्या एका वाचनालयात काम करते. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांना आम्ही घरी जाऊन पुस्तकं वाचून दाखवतो. आज काशीबाईंकडे गेले होते. त्या आता नवऱ्यालाही ओळखत नाहीत.

मी चित्रांचं एक पुस्तक उघडलं. भातलावणीच्या चित्रात बांधावर एक छोटी मुलगी बसली होती. काशीबाईंनी तिच्यावर बोट ठेवलं. "कमळे, चिखलात नको जाऊ गो," त्या म्हणाल्या आणि पानावरून हात फिरवत राहिल्या.

"कमळ कोण?" मी त्यांच्या सुनेला विचारलं. तिला माहीत नव्हतं. दारात बसलेले काशीबाईंचे यजमान, बाबा, मात्र उठून अंगणात गेले.

निघताना बाबा माझ्याशी बोलले. कमळ त्यांची पहिली मुलगी. लहानपणीच तापाने गेली. नाव निघालं की काशीबाईंचं रडणं थांबायचं नाही, म्हणून घरात कुणी ते काढेनासं झालं. पुढे झालेल्या मुलांनाही कधी सांगितलं नाही.

मला फार अपराधी वाटलं. "बाबा, ते पुस्तक नाही आणत पुन्हा."

"नाय, आणा," ते म्हणाले. "आमी इतकी वर्षं गप राहिलो. आता ती बोलते, तर मला पण पोरीचं नाव घेऊ द्या."

तुमच्या घरात आहे का असं एखादं नाव, जे कुणीच घेत नाही?